अर्ध्या मिनिटाची शांतता

१

रोज दुपारी दोन वाजता आमच्या घरी शांतता रेकॉर्ड होते.

माझी शाळा साडेबाराला सुटते. एकला जेवण, दीडला आईचं शूटिंग, दोनला शांतता. आईचं चॅनल आहे, ‘उमेदीची खिडकी’. रोज सकाळी साडेसहाला तिचा तीन मिनिटांचा व्हिडिओ जातो आणि एक्केचाळीस हजार लोक, बहुतेक बायकाच, तो चहाबरोबर बघतात. व्हिडिओत सकाळ दिसते, पण ती सकाळ नसते. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारचं ऊन थेट आत येतं. त्या खिडकीवर मी पिवळी ओढणी बांधते, म्हणजे ते कोवळं वाटतं. आई स्टुलावर बसते, केसांवरून एकदा हात फिरवते आणि हसते.

“नमस्कार, मी पद्मजा. कशा आहात सगळ्या? आजचा दिवस आपला आहे हं.”

तो ‘हं’ लोकांना फार आवडतो.

शूटिंग मी करते आणि कापतेही मीच. मी दहावीत आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा माझा घसा आवळतो. पण मला नीट बघता येतं, आणि नीट कापता येतं.

कापायचं काय, तर बाबांचा आवाज. बाबा आतल्या खोलीत, लोखंडी पलंगावर असतात. चौदा महिने झाले. मेंदूत रक्तस्राव झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. दोन खोल्यांच्या मध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. आई म्हणते, “प्रत्येक अडचण ही एक—” आणि पडद्यामागून येतं, “अंऽऽ.” तेवढं मी कापते.

कापायला मला दुसऱ्या मजल्यावरच्या अनुजाताईने शिकवलं. ती एका स्टुडिओत आवाजाचं काम करते.

“नुसतं कापलंस ना, की तिथे भोक पडतं,” ती म्हणाली होती. “डोळ्याला नाही दिसत, पण कानाला लगेच कळतं. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते उर्वी. पंखा, रस्ता, भिंती, आत बसलेली माणसं. ती अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करायची आणि भोकात तीच भरायची. रोज ताजी घे. कालची आज चालत नाही.”

म्हणून दोन वाजता, वाडी जेवून आडवी झालेली असते तेव्हा, आई स्टुलावर तशीच गप्प बसून राहते. मी मोबाइल स्टँडवर ठेवून बाजूला उभी राहते. पलीकडे बाबा असतात. अर्धा मिनिट कुणी हलत नाही.

२

बाबांना आवाजाचा त्रास होतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा डावा हात चालतो. त्या हाताने ते डावा कान दाबून धरतात आणि उजवा कान उशीत घुसवतात. दिवसातून कितीतरी वेळा. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटना गोंगाट सहन होत नाही, घर शांत ठेवा.

आम्ही ठेवलं. टीव्ही बंद केला. बेलमध्ये कापूस भरला. मिक्सर सकाळी एकदाच लावायचा. खुर्च्यांच्या पायांना मी जुने मोजे घातले. खालच्या मुलांनी क्रिकेट मागच्या गल्लीत नेलं. मी तर आधीच हळू बोलणारी. मी बोलणंच बंद केलं. शाळेतून आले की बाबांच्या पायाशी वही घेऊन बसायचे. तास-दोन तास. एक शब्द नाही. मला वाटायचं, निदान एवढं तरी मी त्यांच्यासाठी करते.

पण हात कानावरून निघायचा नाही. उलट घर जितकं शांत होत गेलं तितकं बोटांचं दाबणं वाढलं. कानामागे लाल वळ पडला होता.

शेजारच्या नलूमावशी आल्या की मात्र गंमत व्हायची. त्या सत्तरीच्या, आणि त्यांचा आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो.

“काय उन्मेषराव, आज दाढी केलेली दिसतेय! कुणाला बघायला जायचंय काय? अहो, तुमच्या बायकोचा सुविचार बघितला सकाळी. माझं ब्लडप्रेशर उतरलं. मग गॅलरीत तिने दोन दिवस न काढलेले कपडे बघितले, परत चढलं!”

“मावशी, हळू,” आई म्हणायची.

“हळू काय हळू? माणूस आजारी आहे, बहिरा नाही. तुमच्या घरात यायचं म्हणजे तेराव्याला आल्यासारखं वाटतं गं.”

मावशी कोळणीशी झालेलं भांडण, जावयाचे दात, मेट्रोतला सरकता जिना असं वाट्टेल ते बोलत राहायच्या आणि बाबांचा हात हळूहळू कानावरून खाली यायचा. दहा मिनिटांत ते झोपून जायचे.

“बघ, दमवलं त्यांना,” मावशी गेल्यावर आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने मावशींना गोड शब्दांत सांगितलं, की आता काही दिवस नका येऊ.

मी ते बघत होते. बोलले नाही.

३

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईने सांगितलं, की भरलेल्या जागा पोकळ वाटतायत. एका बाईने कमेंटमध्ये लिहिलं होतं, काकू मध्येच खोल विहिरीतून बोलल्यासारख्या वाटतात. मी त्या दिवशीची शांतता उघडली, हेडफोन लावले आणि आवाज वाढवत नेला.

आधी पंखा. मग खालून गेलेली स्कूटर. मग भांड्यात ठिबकणारा नळ. मग, आवाज अगदी शेवटपर्यंत नेल्यावर, कुणीतरी बोलत होतं.

शब्द कळत नव्हते. चढउतार कळत होता. शेजारचा टीव्ही असेल, मी ठरवलं. पण मावशी दोनला झोपतात, आणि भिंतीपलीकडून येणारा आवाज बोजड असतो, हा तसा नव्हता. हा माइकच्या जवळचा होता. मग वाटलं, सकाळच्या व्हिडिओचाच अंश राहिला असेल, ॲप कधीकधी तसं करतं. कारण आवाज आईचा होता.

मी आवाज स्वच्छ करायचं बटण दाबलं. पंखा गेला, नळ गेला. ती राहिली.

“सोडा हं आता,” आई म्हणत होती. व्हिडिओतल्या त्याच आवाजात, हसऱ्या. “अहो, सोडा ना. किती धरून ठेवाल? आजचा दिवस छान आहे. सोडा हं.”

मी हेडफोन काढले. आई ओट्यापाशी पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी उलटताना तिने वळून माझ्याकडे बघितलं.

“काय गं? झालं का भरून?”

मी मान हलवली.

४

मी शास्त्रात बरी आहे. एक निरीक्षण म्हणजे काही नाही, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी मोबाइलच्या बाजूला न थांबता आईच्या समोर उभी राहिले आणि तिचे ओठ बघत राहिले. तीस सेकंद. ओठ मिटलेले होते. गळा हलला नाही. ती खिडकीच्या खालच्या चौकटीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा रिकामा होता, जसा सगळ्यांचा कुणी बघत नसताना असतो. एकदा तिने पापण्या मिटल्या, तेव्हा मी मनात अकरा मोजले होते.

रेकॉर्डिंगमध्ये अकराव्या सेकंदाला आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“एवढं सगळं केलं ना तुमच्यासाठी? मग आता तुम्हीपण करा. एकच गोष्ट. जाता ना?”

‘जाता ना’ हे ती असं म्हणाली, जसं मी बालवाडीत रडायचे तेव्हा म्हणायची.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये, त्या शब्दांनंतर, कापड घासल्याचा आवाज आहे. मी तीनदा ऐकला. मग मी पडद्याच्या फटीतून आत बघितलं. बाबांचं डोकं उशीत खुपसलेलं होतं आणि उशीचा अभ्रा गालाखाली चुरगळला होता. डावा हात कानावर होता.

घरात तेव्हा काहीही आवाज नव्हता. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तोंड मिटून.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला आईची भीती वाटली नाही. मला खोल्यांची भीती वाटली. सव्वातीनशे चौरस फूट, आणि त्यात एक माणूस चौदा महिने पडलेला, ज्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही.

५

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. आई बाबांना भात भरवत होती. त्यांच्या हाताचा झटका लागला आणि वरणाची वाटी आईच्या साडीवर, शूटिंगच्या साडीवर, सांडली. आई दोन सेकंद तशीच बसली. मग ओरडली.

“कंटाळले मी! ऐकू येतंय? कंटाळले! तुमचं हगणंमुतणं काढून वास जात नाही माझ्या हाताचा! मला झोप नाही, मला माणूस नाही, मला बाहेर कुठे जाता येत नाही! मी काय पाप केलंय? मरा नाहीतर बरे व्हा, पण काहीतरी करा!”

गॅलरीत दोन दारं उघडल्याचा आवाज आला. मग आई रडली. बाबांच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देत रडली. आणि बाबांचा डावा हात, जो नेहमी कानावर असतो, तो तिच्या केसांवर आला.

त्या दिवशी शूटिंग झालं नाही. पण मी दोन वाजता मोबाइल लावला. तीस सेकंद पंखा, नळ, लांबचा हॉर्न. शेवटपर्यंत आवाज वाढवला. काही नाही. खोली स्वच्छ होती. बाबा चार वाजेपर्यंत तोंड उघडं टाकून झोपले.

दुसऱ्या दिवशी आई पिवळ्या ओढणीसमोर बसून म्हणाली, “काल माझ्या हातून एक वाटी सांडली. आणि मला जाणवलं, रिकाम्या वाटीतच नवीन काहीतरी भरता येतं हं.” आणि दोन वाजता ती परत होती. “जाता ना? जाता ना?”

बोलून टाकलं की जातं, न बोललेलं राहतं, एवढंच मला कळलं. का ते कळलं नाही.

मग मला एक विचार आला, आणि तो आल्यापासून चार दिवस मी मोबाइलला हात लावायला घाबरत होते. पाचव्या दिवशी आई औषधं आणायला ठाकूरद्वारला गेली. मी नेहमीसारखी बाबांच्या पायाशी बसले, वही मांडीवर घेतली, आणि मोबाइल शेजारी ठेवला. अर्धा मिनिट. बाबा माझ्याकडे बघत होते. दहाव्या सेकंदाला त्यांनी कान दाबला.

मी गॅलरीत जाऊन ऐकलं. माझा आवाज इतका स्पष्ट मी कधीच ऐकला नव्हता. वर्गात तो असा निघाला तर बाई खूश होतील.

“बाबा, मार्चच्या आधी हं.”

एवढंच. परत परत. माझी परीक्षा मार्चमध्ये आहे.

मी असं कधी म्हटलं नव्हतं. मनातही नव्हतं. निदान वाक्य करून नव्हतं.

घरात सगळ्यांत कमी बोलणारी मी. बाबांजवळ सगळ्यांत जास्त वेळ बसणारी मी.

६

व्हिडिओखाली कालिंदी नावाच्या एका बाईची कमेंट होती. बाई साताऱ्याकडच्या. “ताई, माझे मिस्टरपण अंथरुणावर आहेत, पाच वर्षं. तुमचे व्हिडिओ बघते आणि मला माझीच लाज वाटते. तुम्हाला कधीच वाईट विचार येत नाहीत का? एकदा खरं सांगा.”

तिला साडेतीनशे लाइक होते. खाली इतर बायकांनी लिहिलं होतं, हो काकू, खरं सांगा. एकीने लिहिलं होतं, खोटं हसणं कळतं हो.

आई दोन दिवस अस्वस्थ होती. “कमेंट्स बघितल्यास? लोकांना आता ‘रिअल’ पाहिजे म्हणे. अनुजापण तेच म्हणाली, थोडं रडलात तर लोक जोडले जातात.”

“मग सांग ना,” मी म्हटलं.

माझा आवाज ऐकून ती दचकली. “काय?”

“खरं. त्या दिवशी ओरडलीस ते. तसंच सांग.”

“वेडी आहेस? एक्केचाळीस हजार लोक आहेत.”

“म्हणूनच सांग.” मला पुढचं सांगता येईना. रेकॉर्डिंग तिला ऐकवावं असं रोज वाटायचं आणि रोज मी ते करत नव्हते. तिला ते ऐकवायचं म्हणजे मला माझंही ऐकवावं लागलं असतं. “आई, प्लीज. बाबांसाठी. तू बोललीस की त्यांना बरं वाटतं. त्या दिवशी त्यांनी तुझ्या केसांवर हात ठेवला होता.”

आईचे डोळे भरले. तिने माझा हात धरला. “सांगेन,” ती म्हणाली. “सगळं नाही, पण सांगेन. प्रमाण ठेवायला लागतं उर्वी. लोक सकाळी सकाळी बघतात. थोडं खरं, थोडं चांगलं.”

रविवारी दुपारी चार वाजता लाइव्ह करायचं ठरलं. विषय: ‘आज खरं बोलूया’. आणि पहिल्यांदाच बाबा फ्रेममध्ये.

७

आईने बाबांना निळा शर्ट घातला, भांग पाडला, मागे तीन उशा लावल्या. कानामागचा वळ पावडर लावून झाकला. स्टँड पलंगाजवळ बसत नव्हता म्हणून मोबाइल मी हातात धरला, कडेला उभी राहून, पुढचा कॅमेरा त्यांच्याकडे करून, म्हणजे स्क्रीन आईला आणि मला दोघींना दिसेल. “हात हलवू नकोस,” आईने बजावलं. “आणि काही झालं तरी आवाज करू नकोस. लाइव्ह आहे.”

चारला नऊशे लोक होते. सव्वाचारला चार हजार.

“हे उन्मेष. माझे मिस्टर,” आई म्हणाली. मोबाइलच्या पडद्यावर खालून वर बदामांची रांग लागली. “आज मी तुमच्याशी खरं बोलणार आहे. चौदा महिने मी एक गोष्ट लपवलीय.”

तिचा आवाज वेगळा होता, ओरडली होती त्या दिवसाच्या जवळचा. बाबा तिच्याकडे बघत होते. हात मांडीवर होता. मी मोबाइल घट्ट धरला. बोल, मी मनात म्हणत होते. बोल, बोल.

“मला कधी कधी...” आई थांबली. “मला कधी कधी असं वाटतं, की हे...”

कमेंट्स धावत होत्या. आईला तिथून त्या वाचता येत होत्या.

काकू रडू नका. नको ना असं बोलू. आम्ही तुमच्याकडून ताकद घेतो. निगेटिव्ह नको काकू. माझी आई बघतेय, ती खचेल. काकू हसा ना.

मधेच एक ओळ कालिंदीबाईंची होती. “बोला ताई. मी वाट बघतेय.” ती वर सरकून गेली.

आईने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती आमची आई नव्हती, ‘उमेदीची खिडकी’ होती.

“मला कधी कधी असं वाटतं, की हे आजारपण मला मिळालं ही माझी केवढी भाग्याची गोष्ट आहे,” ती म्हणाली. “ह्यांनी मला धीर शिकवला हं.”

बदामांनी पडदा भरून गेला. पाच हजार. सहा हजार.

“चला,” आई म्हणाली, “आता आपण सगळ्या मिळून ह्यांच्यासाठी एक मिनिट शांत बसूया. जिथे असाल तिथे. टीव्ही बंद करा, गॅस बंद करा. आपापल्या घरात कुणी आजारी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. काही बोलायचं नाही. फक्त मनातून पाठवायचं.”

मी मान हलवली. नको, नको. आई मोबाइलकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

ती गप्प झाली.

मला फक्त एक आवाज करायचा होता. कुठलाही. खोकायचं, मोबाइल पाडायचा, पलंगाला लाथ मारायची. नलूमावशींना हाक मारायची. त्या भिंतीपलीकडेच होत्या. मी तोंड उघडलं. घसा आवळला, हजेरीच्या वेळी आवळतो तसा. समोर सहा हजार लोक होते.

दहाव्या सेकंदाला बाबांनी कान दाबला. विसाव्या सेकंदाला त्यांचा उजवा खांदा, जो चौदा महिन्यांत हलला नव्हता, वर उचलला गेला, जणू त्या मेलेल्या हातानेसुद्धा दुसरा कान झाकायचा होता. तो पोचला नाही. त्यांनी उशी शोधली, पण डोकं तीन उशांवर टेकवून आईने सरळ बसवलेलं होतं. ते इकडेतिकडे बघू लागले. आईकडे नाही. माझ्याकडे नाही. भिंतीवर, छताकडे, पडद्याकडे, जसा एखादा माणूस गर्दीत हाका कुठून येतायत ते शोधतो.

कमेंट्स थांबल्या नव्हत्या. “किती शांत वाटतंय.” “मन भरून आलं.” “मी माझ्या सासूबाईंजवळ बसलेय.” “मीपण. आईजवळ.” “मी भावाजवळ.”

किती घरं होती. किती पलंग होते.

चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास बाबांनी हात खाली घेतला. स्वतःहून. बोटं एकेक करून कानावरून सोडली आणि हात चादरीवर ठेवला. चेहऱ्यावरच्या रेषा सैल पडल्या. मान वळवून त्यांनी थेट मोबाइलकडे बघितलं, काचेच्या आत, खूप लांब, आणि ऐकून घेतलं. कुणीतरी काहीतरी समजावून सांगत असताना ऐकतात तसं. दोनदा त्यांनी मान डोलावली.

मग त्यांचे ओठ जुळले, सुटले, आणि ते स्पष्ट म्हणाले, “हो.”

चौदा महिन्यांतला पहिला शब्द.

आईने किंकाळी फोडली. “बोलले! अहो, हे बोलले! ऐकलंत का तुम्ही सगळ्यांनी? बोलले!” ती त्यांच्या गळ्यात पडली, हसत होती, रडत होती. नलूमावशी धावत आल्या. “काय झालं? काय झालं गं?” पडद्यावर काही वाचता येत नव्हतं, नुसते बदाम आणि जोडलेले हात आणि चमत्कार, चमत्कार, चमत्कार.

माझा हात हलला नव्हता. रेकॉर्डिंग अतिशय स्थिर आलंय.

८

त्या संध्याकाळी आईने शिरा केला. पहिला चमचा बाबांच्या ओठांना लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले. तिला वाटलं, दमलेत. मग पाणी. तेही नाही. चमच्याचं टोक दातांवर वाजलं.

आज चौथा दिवस आहे. डॉक्टर येऊन गेले. सलाइन लावलं होतं, ते त्यांनी डाव्या हाताने काढून टाकलं, रागाने नाही, शर्टाचं बटण काढावं तसं. त्यांना दवाखान्यात न्यायचं आहे, पण बेड मिळायला संध्याकाळ होईल म्हणतात. ‘हो’ची क्लिप दहा सेकंदांची आहे. आईने तिला मागे बासरी लावली. ती साडेचार लाख लोकांनी बघितलीय आणि बायका ती सकाळी स्टेटसला ठेवतात. कालिंदीबाईंनी परत काही लिहिलेलं नाही.

आई त्यांच्या उशाशी बसून “माझं चुकलं, मी बोलले नाही, मला राग येतो तुमचा, मला फार राग येतो, पण जाऊ नका,” असं सगळं खरं खरं बोलतेय. सकाळपासून. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवतायत आणि पहिल्यांदाच गप्प आहेत.

आणि मी बोलतेय. शाळेत जात नाही, नुसती बोलतेय. चार दिवसांत मी माझ्या सगळ्या आयुष्यात बोलले नसेन इतकं बोललेय. वर्गातल्या मुलींची नावं, भूगोलाचे धडे, खालच्या मांजरीला झालेली पिल्लं, आणि मधून मधून, परीक्षा नाही दिली तरी चालेल बाबा, मी पुढच्या वर्षी देईन, खरंच, मला काही घाई नाही. घसा बसलाय. चमचा हातात धरून मी बोलत राहते.

बाबा माझ्या तोंडाकडे बघतात. प्रेमाने बघतात. सगळं ठरून गेल्यावरही कुणी समजूत घालत राहिलं, तर मोठी माणसं जशी ऐकून घेतात, तसे ते ऐकून घेतायत. अधूनमधून मला श्वास घ्यायला थांबावं लागतं, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावरून सुटून खिडकीकडे जाते. मी पुन्हा सुरू केलं की ती परत येते, थोडी उशिरा.

मी थांबायची ते वाट बघतायत.